स्कूट कुणी म्हणायचं?

पुरुषांच्या अड्ड्यावरचे किस्से लोक कौतुकानं ऐकतात. बायकांच्या अड्ड्यावर काही घडत असेल हेच कुणाला पटत नाही. त्यामुळे आमचे किस्से नुसते साठत गेले, आणि खूप दिवस साठलेलं आंबतं तसे त्यातले काही आंबलेही. आता सांगायला बसले की माझा आवाज चढतो. मुलं म्हणतात, "आई, एवढं काय त्यात, पत्त्यांचाच तर खेळ." तेच तर म्हणते मी. पत्त्यांचाच खेळ होता. मग एवढं काय होतं त्यात?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आम्ही माधवनगरला गिरणीच्या कॉलनीत राहत होतो. मुलं शाळेत आणि नवरे गिरणीत गेले की दुपारी आमच्या घरी सतरंजी पडायची आणि रमी सुरू व्हायची. संध्याकाळचा भोंगा झाला की सतरंजी उचलायची, हा नियम.

खेळ साधा. तेरा पानं वाटून येतात. ती पाहून, पहिलं पान उचलायच्या आधी ठरवायचं, खेळायचं की पानं पालथी टाकून डाव सोडायचा. सोडण्याला 'स्कूट' म्हणायचं. स्कूट केलं की वीस गुण अंगावर चढतात. खेळून हरलं तर ऐंशीसुद्धा चढू शकतात. शंभराच्या वर गेली ती बाई बाद, शेवटी उरेल ती जिंकली. म्हणजे खरी अक्कल लागते ती त्या पहिल्या क्षणाला. पुढे काय, पान उचला, पान टाका.

पैसे लावायचे नाहीत असं आमचं ठरलेलं. महिन्यातून एकदा मोठी स्पर्धा असायची. प्रत्येकीनं घरातला एक जुना कपडा आणायचा, सगळे मिळून बोहारणीला द्यायचे, ती देईल ते स्टीलचं भांडं जिंकणारीचं.

एकदा मी ह्यांची राखाडी टेरिलिनची पॅंट दिली. गुडघ्यावर विरलेली होती, महिनोन् महिने खुंटीला लटकत होती. संध्याकाळी ह्यांना नेमकी तीच हवी झाली.

"माझी पॅंट तू जुगारात लावलीस?" हे ओरडले.

हे स्वतः आठवड्यातले चार दिवस गिरणीच्या क्लबात रमी खेळायचे. तिथे ते कौशल्य होतं. आमच्या सतरंजीवर आलं की जुगार.

मी म्हटलं, "लावली, आणि डबा जिंकलेसुद्धा. त्याच डब्यातली चकली खाताय तुम्ही."

चकली संपवूनच हे पुढचं बोलले.

*

ह्यांचा दुसरा त्रास रविवारचा. रविवारी घरी असले की चहाचा कप घेऊन माझ्या पाठीमागे उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. पण मला वाईट पानं आली की "च्" करायचे, आणि चांगली आली की गुणगुणायला लागायचे.

एका रविवारी मला अशी पानं आली की अजून आठवतात. बदामाची चार ओळीनं, दोन जोकर, किलवरची तीन. एका पानाचा प्रश्न होता. मी चेहरा दगडासारखा ठेवला. मागे ह्यांनी नाट्यगीत धरलं.

समोर बसलेल्या अक्काताईंनी वर पाहिलं आणि पानं टाकली. "स्कूट." त्यांच्या शेजारणीनं टाकली. "स्कूट." एकेक करत सगळ्यांनी टाकली. माझ्या हाती तेरा पानं तशीच आणि समोर खेळायला कुणीच नाही. एरवी एकेकीच्या अंगावर साठ-सत्तर चढले असते, तिथे वीस-वीसवर सुटल्या.

"तुम्ही आत जाऊन गा ना," मी म्हटलं.

"मी काय केलं?" हे म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं. संताप त्याचाच जास्त येतो.

*

ह्या अक्काताईंची गोष्ट वेगळी. जैन शेतकऱ्याच्या घरातल्या, सासरी सांगलीत हळदीची अडत, आणि कॉलनीच्या मागे त्यांचा मळा. मळ्यातून चालत यायच्या. शांत बाई, पण खेळायला बसल्या की दहातले आठ डाव स्कूट. एक जोकर असला तरी स्कूट, दोन असले तरी विचारात.

मला राहवेना. एकदा मी त्यांची टाकलेली पानं उलटून पाहिली, जे खरं तर करायचं नसतं. अगदी खेळण्यासारखी पानं होती.

"अक्काताई, ही पानं कुणी सोडतं का? खेळायला येता की बसायला?"

त्यांनी माझ्या हातातली पानं काढून घेतली, गड्डीत मिसळली आणि पिसत पिसत बोलल्या. "वहिनी, नवरा वडलांनी ठरवला. लुगडं सासूबाई आणतात. भाजी कुठली करायची ते सासरे सांगतात. पोरांची नावं नणंदेनं ठेवली. मला 'नको' म्हणायला हीच एक जागा हाय. म्हणू द्या की."

मी पुन्हा कधी त्यांना टोकलं नाही. पण त्या दिवशी मला कुणाचा राग आला ते अजून नीट सांगता येत नाही. त्यांचा नव्हता, एवढं खरं.

*

माझं माहेर साताऱ्याचं. दिवाळीत तिकडे गेले की माडीवर दादा, काका आणि चुलतभाऊ ह्यांची रमी चालायची. आम्ही बायकांनी चहा वर पोचवायचा. "मला पण पानं वाटा," असं मी एकदा म्हटलं तर दादा म्हणाला, "तुझं पोर रडलं की मध्येच उठशील." पोर तेव्हा काकांच्या मांडीवर झोपलेलं होतं.

तेवढ्यात खाली दादाचे कुणी साहेब आले. पानं नुकती वाटलेली, दादानं ती पाहिलीही नव्हती. उठता उठता माझ्या हातात दिली. "डाव सांभाळ माझा. काही करू नकोस."

काही न करता डाव कसा सांभाळतात, ते तो सांगून गेला नाही. माझी पाळी आली. पानं पाहिली. राजा, राणी, एक्का, सगळी मोठी आणि एकाला दुसरं लागत नाही. मी पालथी टाकली. "स्कूट."

पुढच्या फेरीतच काकांनी डाव लावला. बाकीच्यांच्या अंगावर सत्तर-ऐंशी चढले, दादाच्या वीस.

दादा वर आला आणि एकदम तापला. "माझा डाव टाकलास? कुणाला विचारून?"

काका म्हणाले, "अरे, वाचवलं तिनं तुला." दादानं ऐकलं नाही. तो अजून लग्नकार्यात तो किस्सा सांगतो. त्याच्या किस्स्यात त्याला लागलेला डाव बहिणीनं स्कूट केलेला असतो, आणि लोक हसतात. मी तिथेच बसलेली असते.

*

आता क्लबाचे सेक्रेटरी. गिरणीत मोठ्या हुद्द्यावर होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की कॉलनीत दुपारी बायकांचा अड्डा बसतो. एका दुपारी ते स्वतः समज द्यायला आले. चप्पल दाराशी काढली आणि उभ्यानंच सुरुवात केली.

"कॉलनीला हे शोभत नाही. मुलांवर काय संस्कार होणार?"

अक्काताई पानं वाटत होत्या. त्यांनी तेरा पानं सेक्रेटरींच्या पायापाशीही वाटली. सेक्रेटरी थांबले. वाकले. पानं उचलून पंख्यासारखी लावली. चष्मा वर केला.

"ही काही स्कूट करण्यासारखी नाहीत," असं स्वतःशीच म्हणत ते सतरंजीवर बसले.

भोंगा होईपर्यंत खेळले. दोनदा चहा घेतला. संस्कारांची गोष्ट राहून गेली. जाताना चप्पल घालत म्हणाले, "बायकांच्या मानानं बरं खेळता."

*

आणि ह्याच माणसानं त्या वर्षी गणपतीत क्लबाच्या फळ्यावर लिहिलं: 'जोडी रमी. प्रवेश फक्त जोडप्यांना. पाने सौ. नी खेळावीत. स्कूट करायचे की नाही हे श्रीं. नी ठरवावे.'

मी ह्यांना म्हटलं, "वाचलंत?"

"बरोबरच आहे," हे म्हणाले. "तुम्ही बायका ठरवायला वेळ लावता."

आमच्यात एक हौसाबाई होत्या. कुंडलच्या, शेतकरी घरातल्या. त्यांचे मालक फौजेत सुभेदार, तेव्हा काश्मीरकडे. मुलांच्या शाळेसाठी त्या भावाच्या शेजारी खोली घेऊन राहत होत्या. त्यांना आम्ही सुभेदारीणबाई म्हणायचो. स्पर्धेच्या दुपारी त्या नवं इरकली लुगडं नेसून क्लबाच्या हॉलमध्ये आल्या. सेक्रेटरींनी दारातच अडवलं.

"तुमचे श्री. कुठे आहेत?"

"हद्दीवर हायती."

"मग जमणार नाही. नियम आहे. तुम्ही प्रसाद वाटायला मदत करा."

हॉलमध्ये सगळे ऐकत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खुर्चीवरून उठले, ह्यांनी माझा पदर धरला. सुभेदारीणबाई मात्र हलल्या नाहीत.

"आवं, ते हद्दीवर उभं हायती म्हनून तुमी हितं गनपती बसवताय," त्या म्हणाल्या. "आनि त्यांच्या बायकूनं परसाद वाटायचा व्हय?"

मग मोठ्या मनानं म्हणावं तसं सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे. तुमच्यासाठी मी ठरवतो. या, बसा."

बाई बसल्या. पानं वाटली. सेक्रेटरी मागून पाहायला वाकले, तशी बाईंनी पानं छातीशी धरली आणि पदर ओढून घेतला.

"परक्या बाप्याला पानं दावत न्हाई आमी. तकडं हुबं ऱ्हावा आनि सांगा."

गिरणीचे म्हातारे मॅनेजर खूश होऊन म्हणाले, "बरोबर आहे बाईंचं." सेक्रेटरी खिडकीशी जाऊन उभे राहिले. पानं न पाहता काय ठरवणार?

"सायेब, खेळू का स्कूट करू?"

"स्कूट," सेक्रेटरी म्हणाले.

"काय म्हनलासा?"

"स्कूट करा."

"ऐकू येत न्हाई. जरा मोठ्यानं बोला."

बाईंचे कान चांगले तिखट होते. सेक्रेटरींनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, हॉलकडे पाहिलं, आणि म्हणाले, "खेळा. काय खेळायचं ते खेळा."

"हां, आता कसं," बाई म्हणाल्या आणि पान उचललं.

प्रत्येक डावाला असंच. बाई विचारायच्या, सेक्रेटरी खिडकीतून बाहेर पाहत उत्तर द्यायचे, आणि बाईंच्या मनासारखं उत्तर येईपर्यंत त्यांना ऐकू यायचं नाही. दोनदा त्यांना स्कूटच हवं होतं, तर सेक्रेटरींचं 'खेळा' त्यांना ऐकू आलं नाही. मी ह्यांच्या आज्ञेनं चार चांगले डाव स्कूट करून आणि एक वाईट खेळून लवकर बाद झाले आणि सुभेदारीणबाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. हेही आले. ह्यावेळी गुणगुणले नाहीत.

पहिला नंबर एका इंजिनियरच्या जोडीला गेला. दुसरा सुभेदारीणबाईंचा. बक्षीस द्यायला मॅनेजरसाहेब उभे राहिले. सौ. ना खण आणि श्रीं. ना शर्टपीस, असं दोन्ही ताटात ठेवलेलं. मॅनेजरनी ताट पुढे केलं. बाईंनी खण उचलून कपाळाला लावला. शर्टपीसला हात लावला नाही. मग वळून खिडकीकडे बोट केलं.

"त्यो सायबास्नी द्या," त्या म्हणाल्या. "लय इचार केला बगा त्यांनी माझ्यासाठी."