मावशींच्या मुलीचं विद्यापीठ

रसायन विभागात सगळे त्यांना मावशी म्हणत. शिकणारेही आणि शिकवणारेही. शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात त्या बावीस वर्षं लॅब अटेंडंट होत्या. काचेची भांडी धुवायची, ब्युरेटच्या मापनळ्या स्टँडला लावायच्या, बाटल्या भरून ठेवायच्या. आम्लानं बोटांची सालं निघत. पण चंबूला तडा गेलाय की नाही हे त्या नुसती टिचकी मारून सांगत. परीक्षेच्या दिवशी कुणी हळूच विचारलं, "मावशी, आज ओळखायला कोणतं सॉल्ट दिलंय?" की म्हणत, "मीच सांगितलं तर डिग्रीवर नावही माझंच घालावं लागेल."

शाळेला सुट्टी लागली की त्या मुलीला बरोबर आणायच्या. मागच्या खोलीत स्टुलावर बसून ती पिपेटनं पाणी मोजत बसायची. ही मोठी होऊन टेबलाच्या पुढच्या बाजूला, प्रयोग करणाऱ्यांत उभी राहणार, हे मावशींनी तेव्हाच मनाशी धरलं. बारावीला मुलीला तेवढे मार्कही पडले.

फॉर्म भरण्याआधी मावशी तिला विभागप्रमुखांच्या पाया पडायला घेऊन गेल्या. सर तीन-चार प्राध्यापकांबरोबर चहा पीत होते. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, मान डोलावली.

"वा. आपल्याकडेच घाला हिला, मावशी. चार वर्षांनी तुम्ही रिटायर झालात की भांडी धुवायचा ब्रश हिच्या हातात देऊ. नवीन माणूस शोधायला नको."

सगळे हसले. सर मनाचे वाईट नव्हते. त्यांना ती गंमतच वाटली होती. मावशीही हसल्या.

बसस्टॉपपर्यंत मुलगी मावशींच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "तू का हसलीस?"

"अगं, त्यांचं बोलणंच तसं असतं. मनावर नाही घ्यायचं."

"ते का बोलले हे मी विचारलंच नाही."

हसू आपोआप आलं होतं, साहेब आले की खुर्ची पुढे करायला हात जातो तसं. हे पोटच्या पोरीला सांगायचं कसं?

त्याच आठवड्यात मुलीनं शहराबाहेरच्या नव्या विद्यापीठाचा फॉर्म भरला. माहितीपुस्तकावर उंच इमारतीचं आणि चकाचक लॅबचं चित्र होतं.

"माझ्यावरचा राग स्वतःच्या शिक्षणावर काढू नकोस," मावशी म्हणाल्या.

"राग नाही गं. तिथं मला कुणी ओळखत नाही, तेवढं बास आहे."

दोन बस बदलून ती जाऊ लागली. इमारत पहिलं वर्षभर परांचीतच होती. लॅबमध्ये टेबलं आली, नळ बसले; नळांना पाणी काही आलं नाही. तिथले सर टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडून रंग बदलायचा प्रयोग, फळ्यावर काढून दाखवत आणि म्हणत, "रंग गुलाबी झाला असं समजा." मुलं जर्नलात लिहीत, रंग गुलाबी झाला.

घरी तिनं यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी तिचा एप्रन धुताना मावशी थबकल्या. दीड वर्षाचा एप्रन, आणि त्यावर एकही डाग नव्हता.

"तुमचं प्रॅक्टिकल कधी असतं गं?"

"असतं."

"रविवारी माझ्याबरोबर चल. लॅब रिकामीच असते. मागच्या खोलीत करून बघ सगळं."

"तुझ्या मागच्या खोलीत?" ती म्हणाली. "नको."

मावशींनी परत विषय काढला नाही. हाताला धरून न्यायला हवं होतं, असं त्यांना नंतर फार वाटलं.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. मग कुणी न सांगता तिनं मान खाली घालून जुन्याच विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केला. मावशींचं नोकरीचं ते शेवटचं वर्ष. प्रवेशाची यादी सूचनाफलकावर लावायला नेहमीप्रमाणे त्यांच्याच हातात आली. त्यांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर. नाव शेवटच्या पानावर होतं, नाकारलेल्या अर्जांत. पुढे शेरा, 'प्रॅक्टिकलचे तास अपुरे'. त्यांनी चारी कोपऱ्यांना टाचण्या लावल्या. विभागप्रमुख सर तेवढ्यात तिथून चालले होते.

"मुलगी काय करते हो तुमची?"

"शिकतेय," मावशी म्हणाल्या.

आता मुलगी एका रंगाच्या कारखान्यात आहे, डब्यांवर लेबलं लावायच्या विभागात. लॅब शेजारच्याच इमारतीत आहे. तिथं तिचं काही काम नसतं. मावशी घरीच असतात. दोघी एकमेकींशी नीट वागतात, भाजी काय करायची ते विचारतात.

परवा शेजारची पोर बारावीचा निकाल घेऊन मुलीकडे आली. "ताई, मी कुठं प्रवेश घेऊ? जुन्या विद्यापीठातली माणसं फार शिष्ट असतात म्हणे."

मावशी दारातच उभ्या होत्या. मुलगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "लॅब चालू आहे का ते बघ. नळ सोडून बघ. माणसं कशी का असेनात."

"आणि कुणी काही बोललं तर?"

"बोलू दे. चार वर्षं ऐकून घ्यायचं."

मावशी आत गेल्या आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुऊ लागल्या.