उजेडाची जागा

खर्ड्याच्या दगडाबाईचं बारसं ज्यांनी केलं, त्यांनी फार घाई केली. पोर जरा मोठी होऊ दिली असती तर असलं मुकं नाव ठेवायची कुणाची छाती झाली नसती. बाई आडावर गेली की घागर भरून वाहायला लागे, तरी हिची गोष्ट अर्ध्यावरच. चुलीशी बोले, कोंबड्यांशी भांडे, आणि म्हशीला ठाऊक नाही अशी तर घरातली एकही गोष्ट नव्हती.

म्हशीचं तसं कारणही होतं. सासऱ्यापुढे सुनेनं पदर नाकापर्यंत ओढायचा आणि शब्द काढायचा नाही, हा त्या घरचा रिवाज. सासरे सहादेवबाबा पहाटेपासून दारातल्या घोंगडीवर अडकित्ता घेऊन बसायचे ते जेवायला तेवढे हलायचे. मग दगडाबाईनं काय करावं? ती गोठ्याकडे तोंड करून म्हशीला सांगायची, की चहाला गूळ नाही. सहादेवबाबाही म्हशीलाच बजावायचे, की मग बिनगुळाचा नको. असा त्यांचा संसार म्हशीच्या मध्यस्थीनं सुरळीत चालला होता.

खोट एकच होती. लेक छबू चौथ्या वर्षात आली तरी तिच्या तोंडून शब्द नव्हता. गावानं आधी तिची जीभ जड ठरवली. वेखंड उगाळून लावून झालं. पोपटानं उष्टावलेला पेरू शोधायला नवऱ्याला, श्रीमंतला, झाडावर चढवून झालं. तो उतरताना पडला आणि आठवडाभर लंगडला, पण पोरीला पेरू फार आवडला. शेवटी नगरच्या एका डॉक्टरनं छबूच्या पाठीमागे ताट वाजवून पाहिलं आणि सांगितलं, की दोष जिभेचा नाही, कानाचा आहे. अशा मुलांना बोलायला शिकवणारं माणूस शोधा. कुठं शोधायचं, ते त्यालाही धड ठाऊक नव्हतं.

दगडाबाईनं शोध आपल्या अकलेनं सुरू केला. बोलायला शिकवायचं तर माणूस बोलण्यात पटाईत हवा, एवढं तर उघड होतं. जामखेडच्या बाजारात दंतमंजन विकणारा एक गडी श्वास न घेता बोलायचा. तिनं त्याला भाकरीचं आमंत्रण देऊन घरी आणला. गडी छबूपुढे मांडी घालून तासभर बोलला. छबूनं त्याच्या पिशवीतला कवळीचा नमुना काढून आपल्या तोंडात बसवून पाहिला. सहादेवबाबांना एकही दात नव्हता, तरी जाताना तो त्यांना दोन पुड्या विकून गेला.

मग कुणीतरी नगरच्या साळवेबाईंचं नाव सांगितलं. ही बाई मुंबईला जाऊन नेमकं हेच शिकून आली होती आणि शनिवारी एका शाळेच्या मागच्या खोलीत अशी मुलं घेऊन बसायची. दगडाबाई लेकीला घेऊन पहाटेच्या एसटीनं नगरला पोचली. बाईंना पाहून तिचं अवसानच गळालं. लहानखुरी, हळू बोलणारी, एक वाक्य झालं की गप्प राहणारी. हिला स्वतःलाच बोलायला येईना, ही काय शिकवणार?

म्हणून दगडाबाईच बोलली. वेखंड, पेरू, दंतमंजन, म्हशीचं दूध आटलंय तेही. मधे छबूनं लुगडं ओढलं तेव्हा तिनं न बोलताच लेकीचा हात धरून खाली बसवलं आणि गोष्ट पुढे नेली. साळवेबाई ते बघत होत्या.

"म्हशीशी बोलता ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"न बोलून कसं भागंल?"

"आणि काल हिच्याशी काय बोललात?"

दगडाबाईनं सांगायला तोंड उघडलं, पण तिला काल आठवेना, परवाही आठवेना. पोरीला ऐकू येत नाही हे कळल्यापासून ती लेकीला नुसती हातानं उठवत होती, बसवत होती, भरवत होती. कोंबड्यांच्या वाट्यालासुद्धा तिचे शब्द यायचे, पोटच्या पोरीच्या वाट्याला नाही. तिला तिथंच रडू कोसळलं.

साळवेबाईंनी रडू दिलं. मग छबूच्या छातीवर यंत्राची एक जुनी डबी बांधली आणि तिची वायर कानात बसवली. यातून थोडं ऐकू येईल, बाकीचं ती तुमच्या तोंडाकडे बघून घेईल, त्या म्हणाल्या. मी शनिवारची, तुम्ही रोजच्या. शिकवायचं तुम्हीच. उजेडात समोर बसायचं, तोंड उघडं ठेवायचं, थोडं बोलायचं आणि तिच्यासाठी थांबायचं. थांबायचं हे ऐकून दगडाबाईला घाम फुटला.

पण थांबण्यापेक्षा उजेड अवघड निघाला. माळवदाचं घर, खिडकी नावाला नाही. अंगणात ऊन डोळ्यांवर येई आणि कोंबड्यांच्या कलकलाटात डबीतून दुसरं काही ऐकू जाईना. घरात उजेडाची जागा एकच, दारातली. आणि तिथं सहादेवबाबा. दगडाबाईनं रिवाजाप्रमाणे म्हशीकडे अर्ज केला. बाबांनी म्हशीला ठणकावलं, की माझ्या बापाची जागा आहे, मी हितनं हलायचो न्हाई.

दगडाबाई अंधारात लेकीसमोर बसून पाहायची. छबू तिच्या तोंडाकडे बघायची, काही दिसेना तशी कंटाळून डबीशी खेळायची. चार-पाच दिवस असे गेल्यावर दगडाबाई उठली, दारात आली. तिनं पदर मागं सारला आणि सासऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मामंजी, उठा."

सहादेवबाबा उठले ते निव्वळ धक्क्यानं. इतक्या वर्षांत सुनेचं तोंड त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. भिंतीकडेला घोंगडी टाकून ते दिवसभर म्हशीला कलियुगाबद्दल सांगत राहिले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर, आणि पुन्हा सून समोर, "मामंजी, उठा." मग ते रोजचंच झालं. रोज कुरकुर, रोज उठणं, आणि मग दारात मायलेकी. दगडाबाई एक शब्द बोलायची आणि ओठ दाबून थांबायची. बाजरीची अख्खी सुगी उलटली. छबू नुसती बघायची.

एकदा आडावर गर्दी होती, दगडाबाईला उशीर झाला. घागर घेऊन अंगणात आली तर दारात सहादेवबाबा बसलेले आणि त्यांच्यापुढे छातीवर डबी बांधलेली छबू.

"ऊ-आ," छबू म्हणाली.

मधलं अक्षर गायब होतं, पण शब्द कोणता ते त्या घरात कुणाला सांगायला नको होतं. म्हणून झाल्यावर पोर आईसारखीच ओठ दाबून थांबली.

म्हातारा उठला. घोंगडी उचलून दोन पावलं गेला, वळला आणि पुन्हा येऊन त्याच जागी बसला. म्हशीकडे त्यानं बघितलंही नाही.

"म्हन की, बाय," तो नातीच्या समोर तोंड नेऊन म्हणाला. "आनी येकदा म्हन."

दगडाबाई घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. दारात तिचा सासरा उठत होता, बसत होता आणि पुन्हा उठत होता.