भालेरावांची मागची सीट

गुरांच्या दवाखान्यात पेशंट बोलत नाहीत. त्यामुळं बोलायचं सगळं काम स्टाफवर पडतं. स्टाफ म्हणजे आम्ही तिघंच: मी पर्यवेक्षक, जखमा बांधणारे ड्रेसर भालेराव आणि शिपाई रफिकभाई. सकाळच्या म्हशी गेल्या की चहा येतो आणि चहामागं किस्सा. हल्ली निम्मे किस्से एका जुन्या स्कूटरचे असतात. साधी स्कूटर नव्हे बरं का. ती लांबच्या प्रवासाची, पुढं मोठी काच, बुडाखाली सोफा असलेली.

*

सुरुवात मात्र मोटारसायकलपासून आहे.

पिंगळी गावातलं एक लग्न उरकून भालेराव आणि शोभावहिनी परभणीकडं निघाले. भालेरावांना गाडीवर बोलायची लय सवय. भाजीत मीठ कसं नव्हतं, नवरदेवाचा मामा कसा रुसून बसला, हे सगळं ते पुढं बघून मागं सांगत होते. एका स्पीडब्रेकरवर वहिनी खाली पडल्या. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. त्यांनी हाका मारल्या, पण ह्यांचं भाषण चालू. मागून रिकामा ऑटो आला, वहिनी त्यात बसल्या.

पुढं त्या ऑटोनं भालेरावांना ओव्हरटेक केलं. यांची नजर ओझरती आत गेली. मान न वळवता म्हणाले, "ए, त्या आटोत तुझ्यावानीच बाई होती बघ."

घरी पोचले तर तुझ्यावानी बाई दारात उभी! वहिनी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमच्या मागं आता मी बसत नसते."

*

आणि नाहीच बसल्या. यांची पोरगी सेलूला दिलेली. वहिनी रेल्वेनं जायच्या आणि भालेराव मागून मोटारसायकलवर.

"सायेब, जावयानं बाजूला घेऊन इचारलं," भालेराव एकदा म्हणाले. "मामा, भांडण झालंय का म्हणून."

"मग तुम्हीही रेल्वेनं जा की."

"तसं न्हाई. पोरगी ल्हान हुती तवा तिला मांडीवर घेऊन बसायची ती माझ्या मागं. आता पाठ मोकळी मोकळी लागायलीय. बसली पायजे बघा ती."

चहा तसाच ठेवून ते उठले. माणूस दुखावला होता, आणि चूक त्याचीच असल्यामुळं त्याला ते कुणावर काढताही येत नव्हतं. मला वाईट वाटलं. रफिकभाईंनी त्यांचा चहा पिऊन टाकला.

मग कुणाच्या तरी दारात त्यांनी ती स्कूटर बघितली. रुंद सीट, मागं टेकायला पाठ, दोन्ही बाजूंनी धरायला कड्या. भालेराव तिच्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, "हिच्यावरनं कोण पडंल?" नवी परवडणार नव्हती. जुनी शोधायचं ठरलं.

*

पहिली गाडी परभणीतच एका डीलरकडं बघितली. डीलर म्हणाला, चक्कर मारून बघा. भालेराव जाऊन मागच्या सीटवर बसले.

"काका, पुढं बसा."

"तू चालव."

डीलरनं बिचाऱ्यानं चालवली. भालेराव मागं कधी कड्या धरून, कधी सोडून, कधी एकदम डावीकडं कलून बघत होते. दोनदा डीलरसकट गाडी पडता पडता वाचली. परत आल्यावर तो घाम पुसत म्हणाला, "इंजिन एकदम फर्स्टक्लास हाय, काका."

"इंजिनावर बसणार हाय का ती?" भालेराव म्हणाले. "मागची पाठ हालायलीय." आणि आम्ही बाहेर पडलो.

*

दुसरी मानवतजवळच्या एका खेड्यात मिळाली. मालक आसारामबापू. पोरानं हौसेनं घेतली, पोरगं पुण्याला नोकरीला गेलं, गाडी गोठ्यात बैलाशेजारी उभी.

बघायला रफिकभाई पुढं झाले. त्यांची सगळी हयात जनावरांच्या बाजारात गेलेली. त्यांनी गाडीला एक फेरा मारला, मागच्या अंगावर थाप मारली, दोन पावलं चालवून बघितली. मग मालकाला विचारलं, "बापू, खोड काय हाय? पहिले सांगायचं. बाद में सांगितलं तर अपन परत आणून बांधतो."

जनावर विकताना खोड लपवायची नाही, ही आमच्याकडची रीत. बापू प्रामाणिक. म्हणाले, "उजवीकडं वळताना कुरकुर करती. अन् थंडीत सकाळी लवकर उठत न्हाई."

"मारकी तर न्हाई ना?"

"न्हाई न्हाई. गरीब हाय."

भालेरावांनी मागची पाठ हलवून बघितली. हलली नाही. मग रफिकभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्या आड भावाचं बोलणं दोघांच्या बोटांनी केलं. सौदा जमला. गाडी कितीला पडली, हे घेणाऱ्या भालेरावांना सगळ्यात शेवटी कळलं.

*

कागदावर सह्या झाल्या, पेढे झाले. बापूंनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली आणि म्हणाले, "न्या आता."

"किल्ली?" भालेराव म्हणाले.

"किल्ली देत नसतो. दावं घरीच ऱ्हातं."

जनावर विकलं तरी ते बांधायचं दावं विकणारा ठेवून घेतो. दाव्याबरोबर घरातली बरकत जाते म्हणतात. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. इथं कुणीतरी हसायला पाहिजे होतं. पण आम्ही तिघंही गुरांच्या दवाखान्यातले! तिघांनीही माना डोलावल्या. रफिकभाईंनी तर पिशवीतनं नवं कोरं दावं काढून दाखवलं. सवयीनं आणलं होतं म्हणे.

मग बापूंनीच तोड काढली. गाडी चालू करून देतो, तुम्ही निघा. गाडी चालू केली, किल्ली काढली, गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा काढली, पुन्हा बंद.

"बैल असा थांबत नसतो," बापू म्हणाले. त्यांना खरंच कोडं पडलं होतं.

बापूंची बायको ओट्यावर ज्वारी पाखडत होती. तिनं सूप न थांबवता सांगितलं, "छल्ला ठेवा की काढून. किल्ली द्या त्यांची त्यांना."

छल्ला देवघरात गेला, किल्ली भालेरावांकडं आली.

*

घरी वहिनींनी गाडी चारी बाजूंनी बघितली. कडी धरून ओढून बघितली. "बरी हाय," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर पापड वाळत होते.

भालेराव रोज येऊन सांगायचे. आज पापड. आज कुरडया. एक दिवस तोंडभर हसत आले. "काल बसली!"

"कुठं गेला होता?"

"कुठं न्हाई. गाडी उभीच होती. शेंगा सोलत बसली मागं. मी बी जाऊन बसलो पुढं. चालू न्हाई केली. कशाला घाई?"

मग सेलूहून फोन आला, पोरगी बाळंत झाली. रेल्वे नुकतीच सुटली होती. वहिनी पिशवी घेऊन बाहेर आल्या, गाडीजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "चला. पर बोलायचं न्हाई."

भालेराव सेलूपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. हे रफिकभाईंना आजही खोटं वाटतं.

*

परवा माझी मोटारसायकल गॅरेजला होती आणि पिंगळीकडं लसीकरण होतं. भालेराव म्हणाले, "माझी न्या की सायेब." लसीचा डबा मागच्या सीटवर बांधला आणि निघालो. गाडी झकास. उजवीकडं वळताना कुरकुरते, पण तेवढं चालायचं.

वाटेत मागून ट्रकचा हॉर्न आला. उजव्या आरशात बघितलं, लसीचा डबा. डाव्या आरशात बघितलं, तोच लसीचा डबा. रस्ता कुठंच नाही. गाडी कडेला घेतली, दोन्ही आरसे नीट वळवून रस्त्यावर आणले आणि संध्याकाळी गाडी देऊन टाकली. मध्ये रविवार गेला.

सोमवारी सकाळी शिंग मोडलेली म्हैस तशीच ठेवून भालेराव आधी माझ्या टेबलापाशी आले.

"सायेब, आरसे कुणी हालवले?"

"मी. का हो?"

"काल हिला घेऊन सेलूला गेलो नातवाकडं. आरशात ही दिसंचना, नुसता रस्ता. गाव आलं की थांबायचं अन् मागं बघायचं, हाय का. फुडलं गाव आलं की पुन्हा तेच."