पांढरीचा रविवार

बस लोह्याच्या स्टँडवरून मागे सरकत होती आणि मुक्ता अजून रसवंतीपाशीच उभी होती. मी खिडकीतून हात केला. ती धावत आली. कंडक्टरने दार धरून ठेवलं.

"ताई, लेकीला इथंच ठिवून जाऊन राहिले का?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. मुक्ताने उसाच्या रसाची बाटली माझ्याकडे दिली. अर्धी सांडली होती.

नांदेडहून लातूरला एसटीने साडेतीन तास धरा. उजवीकडची खिडकी घ्या, सकाळचं ऊन डावीकडे असतं. अहमदपूरच्या अलीकडे रस्ता खोदलेला आहे, तिथे वेळ जातो. स्टँडबाहेर गरम भजी मिळतात, चहा मात्र पाणचट.

मृगाच्या आधीचा रविवार आमच्याकडे पांढरीचा. लातूरच्या दक्षिणेला मामांचं गाव होतं. दगडमातीचं घर आणि वर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर मातीचा थर देऊन केलेलं सपाट छप्पर. पावसात ते गळू नये म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी वर नवी पांढरी माती टाकायची. बाकीची घरं हे काम सकाळी उरकून घेत. आमच्या घरी त्याचा सण व्हायचा. आम्ही नांदेडहून जायचो, मावशी उदगीरहून यायची. पुरुष गाडीतून माती आणायचे, बायका शिडीवरून पाट्या वर द्यायच्या, पोरांनी पायांनी माती दाबायची. आम्ही नाचायचो. शेवटची मूठ टाकायचा मान घरातल्या सगळ्यात लहानाचा. मग खाली उतरून वर्षातला शेवटचा आमरस. मृग लागला की आंब्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी परतीची बस. सुट्टी तिथे संपायची.

मी वीस वर्षांची होईपर्यंत हा रविवार चुकवला नाही. त्याच वर्षी भूकंप झाला. मामी आणि मामांची बारा वर्षांची लेक रेखा घरात होत्या. मामा आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा दत्ता अंगणात बाजेवर झोपले होते.

मामांनी पुढे लातूरला दोन मजली घर बांधलं. शहरात कोचिंगची पोरं येऊ लागली, तशा खोल्या भाड्याने गेल्या. दत्ता मोठा झाला आणि त्यानेच रविवार पुन्हा सुरू केला. नवी बॅच यायच्या आधी घरावर काहीतरी बांधकाम चढवायचं, सगळ्यांना जेवायला बोलवायचं, आणि काँक्रीटच्या पहिल्या घमेल्यात जुन्या गावची मूठभर पांढरी घालायची. तिसरा मजला असाच झाला. यंदा चौथा. फळ्यांचं सेंट्रिंग बांधून तयार होतं, सोमवारी सकाळी स्लॅब. दत्ताला सवड नव्हती. आप्पाला, म्हणजे मामांना, सोबत घेऊन पांढरी तुम्हीच आणा, असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

मामा लातूरच्या स्टँडवर उभे होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत खुरपं. मुक्ताने वाकून नमस्कार केला. ती विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी पुन्हा विचारलं.

औशापर्यंत बस, पुढे काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, अर्धा तास जास्तीचा ठेवा. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात सरळ रस्ते आणि एकसारखी घरं आहेत. जुन्या गावठाणात बाभळी. पायात बूट हवेत आणि पाणी सोबत न्यावं, तिथे काही मिळत नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही.

मामा न विचारता एका जागी थांबले. जुन्या घराची गुडघाभर भिंत उरली होती. ते बसले आणि खुरप्याने माती सैल करू लागले. मुक्ता भिंतीची रुंदी हातांनी मापत होती. मापताना तिने विचारलं, माळवदावर कठडा होता का.

होता, मी म्हणाले. मी पहिलीत असताना माझ्या गळ्याशी यायचा. रेखा जन्मली तेव्हा कमरेशी. शेवटच्या वर्षी गुडघ्याच्या जरा वर. दरवर्षी वर चढलो की मी आधी कठड्याला चिकटून उभी राहायची. किती वाढले ते पाहायला. आई खालून ओरडायची, पडशील म्हणून.

मुक्ता माझ्याकडे पाहत राहिली. मी पाच फूट आहे.

"आई, तू एवढी वाढलीस?"

मामांचं खुरपं थांबलं होतं.

"ती वाढली तेवढीच," ते म्हणाले. "कठडा व्हता तिथंच व्हता. माळवद वर आलं."

मला आधी ते कळलं नाही. मग कळलं. दरवर्षी एक थर. आम्ही नाचून दाबलेला. माझ्या तळव्यांना ती ओली, गार माती आठवली. मी भिंतीवर बसले. भिंत पोळत होती, तरी उठवेना.

मुक्ताने हलक्या आवाजात विचारलं, हे त्यांना कधीपासून ठाऊक आहे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते तेव्हापासून, मामांनी सांगितलं. एक इंजिनिअर आला होता. त्याने ढिगातली माती मापली. दगडाच्या कच्च्या भिंती आणि वर हे एवढं वजन, असं तो म्हणाला होता.

"दत्ताला सांगितलं?" मी विचारलं.

"न्हाई."

"पंचवीस वर्षं?"

"त्या साली शेवटची मूठ त्यानं टाकली व्हती. मायनं कडेवर घेतलं व्हतं त्याला. मायचं तेवढंच ध्यानात हाय त्याच्या." त्यांनी पिशवीत माती भरली. "ते कसं काढून घिऊ म्या?"

पिशवी घेऊन आम्ही परत निघालो. जीपमध्ये एक बाई मुलाला घेऊन लातूरला खोली बघायला निघाली होती. मामांच्या हातातली पिशवी पाहून तिने विचारलं, तुळशीला का? मामांनी मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. मावशीची माणसं आली होती. खोल्यांतून राहणाऱ्या दोघी आया, मुलांच्या परीक्षेसाठी गाव सोडून आलेल्या, कुरडया तळत होत्या. मुक्ता एका खांबाशी उभी राहिली आणि तिने त्यावर वीत लावली. पाया किती मजल्यांचा, तिने दत्ताला विचारलं.

"दोनाचा. पण लई दणकट हाय. आली बघा इंजिनिअरीण, आता हिला विचारूनच जेवायचं."

सगळे हसले. मुक्ता हसली नाही. तिसराच जास्त आहे, ती म्हणाली, चौथा चढवू नका. दत्ताने तिच्या ताटात रस वाढला. मिस्त्रीने पुष्कळ घरं बांधली आहेत, खोल्यांचा विसार आला आहे, पंधरवड्यात पोरं येणार, असं तो सांगत राहिला. मग त्याने मामांकडे हात पुढे केला.

"आप्पा, पांढरी द्या. वर ठिवून येतो."

मामांनी पिशवी मांडीखाली ओढली.

"बस आधी," ते म्हणाले. "तुझ्या मायचं सांगायचं हाय."

त्यांनी कठड्यापासून सुरुवात केली. थर सांगितले, आजोबांपासूनचे. इंजिनिअर सांगितला. कढईत कुरडई करपली तरी कोणी उठलं नाही. मी दत्ताच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्याच्या हातांकडे पाहत होते. रस कोपरापर्यंत ओघळला होता.

"म्हंजे ती मूठ," दत्ता म्हणाला.

"मूठ न्हाई. तुझी एक मूठ, माझ्या पाट्या. मोजता येत न्हाईत मला."

"मंग आजवर गप का बसले?"

दत्ता उठला, नळावर हात धुतले आणि तसाच बाहेर गेला. ताटातला रस काळा पडला. आयांनी ताटं उचलली.

सकाळी साडेसहाला मिक्सर आला. दत्ता पार्किंगमध्ये, मुक्ताने वीत लावली होती त्या खांबापाशी उभा होता. त्याने ड्रायव्हरला चहा पाजला आणि गाडी परत पाठवली. आम्ही नांदेडच्या बससाठी निघालो तेव्हा सेंट्रिंगवाले वरून फळ्या उतरवत होते. खाली त्या धरायला मामा आणि दत्ता होते.