काडीची सावली आणि विमानतळावरचा वारा

शाळा आठवीत सुटली. आर्वीच्या एका मिस्त्रीकाकांनी मला कामावर घेतलं, ते उपकार आजही डोक्यावर आहेत. वारा किती अन् कुठून वाहतो ते मोजायचे खांब आम्ही उभे करायचो. गिरडच्या टेकडीवर, आष्टीकडच्या माळावर. खांबावर वाऱ्याचा बाण बसवायचा अन् त्याची खूण नेमकी उत्तरेला लावायची.

होकायंत्र हाताशी असूनही काका जमिनीत काडी रोवत. सकाळी सावलीच्या टोकावर खडा ठेवत, सावलीएवढ्याच दोरीनं काडीभोवती गोल ओढत. दुपारनंतर सावली पुन्हा गोलाला टेकली की दुसरा खडा. दोन खड्यांच्या मधोमधून काडीपर्यंत रेघ ओढली की झाली उत्तर-दक्षिण. होकायंत्राशी ती दर वेळी जुळायचीच.

"काका, काऊन दिवस घालवता?"

"होकायंत्र भुलते, बाबू. सूर्य भुलत नाई. तू डबा खा."

दोन हजार सालानंतर याच कामावर दूर समुद्रातल्या एका बेटावर गेलो, विमानतळावर. चूक झाली की परत पाठवतील, ही धास्ती उशाशी घेऊन झोपायचो. धावपट्टीजवळचा बाण मी होकायंत्रावर लावला. आपल्याकडं जुळतंच की! आमच्या कामावर केरळचे एक साहेब होते, त्यांनी तपासून सहीही केली.

तरी चैन पडेना. सुटीच्या दिवशी काडी रोवली, रेघ ओढली अन् शेजारी होकायंत्र ठेवलं. तीन हातांवर हातभर फरक! होकायंत्र लोखंडापासून दूर नेलं, तरी तेच.

गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं असतं? रात्रभर हाच विचार. सकाळी साहेबांना रेघेपाशी नेलं. "साहब, मेरे से गलती हो गई."

साहेब उकिडवे बसले, होकायंत्र रेघेवर धरून त्यांनी पाहिलं. मग समजावून सांगितलं. होकायंत्राची उत्तर अन् खरी उत्तर यांत जागोजागी फरक असतो. तुमच्याकडे नावापुरता, इथं मोठा. धावपट्टीवर रंगवलेला दिशेचा आकडा होकायंत्रावरून ठरतो, म्हणून टॉवरवाले वैमानिकाला वारा तोंडी सांगतात तोही तसाच. पण हवामानाच्या लेखी अहवालात दिशा खऱ्या उत्तरेपासून धरतात, अन् हा बाण त्या अहवालासाठीच होता.

"पढ़े कितना हो?"

"आठवी, साहब."

"साइन तो मेरा भी है," ते हसले. "चलो, पाना लाओ."

बाण आम्ही दोघांनी फिरवला. मला परत पाठवलं नाही. उलट पुढचे दोन खांब माझ्याच हाती दिले. आठवी शिकलेल्या माणसाच्या रेघेवरून तिथला वारा कागदावर जाऊ लागला, हे लिहितानाही ऊर भरून येतो.

बाण फिरवला त्याच संध्याकाळी काकांना फोन लावला. "काका, या खेपेला नाई जुळलं."

"मंग? कोणाचं आयकलं?"

"काडीचं."

"मंग काऊन रडून राह्यला? डबा खाल्ला का?"