नानांचे उलटे ब्रेक

नाना शेडगे शर्यत सुटायच्या आधी दोनदा शौचाला जाऊन यायचे आणि तिसऱ्यांदा जावं की नाही, हे चारचौघांत मोठ्यानं विचारायचे. बेचाळिशीतला, पीळदार पोटऱ्यांचा माणूस. पण भीती लपवायची असते हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. "लई भ्या वाटतंय गड्या," म्हणायचे. "पर वाटू दे. भ्यालेला मानूस रस्ता बघून चालवतो." मी बावधनच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, घाबरलो की उगाच हसणारा. मला त्यांची लाज वाटायची, आणि त्यांच्या मागे सायकल लावली की निर्धास्तही वाटायचं.

नाना नेरे गावचे. पोरवयात सायकलला कॅन बांधून दूध घालायला जायचे. त्या सायकलला एकच ब्रेक होता, उजव्या हाताचा, मागच्या चाकाचा. पुढे शर्यतीची महागडी सायकल आली तरी हाताची सवय जाईना. आम्हा सगळ्यांचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, नानांचा मागच्या चाकाचा. मेकॅनिकनं दोनदा सरळ करून दिले. नानांनी दोन्ही वेळा पुन्हा उलटे करून घेतले. "ह्यो हात मला न इचारता दाबतो," म्हणाले, "त्याला आता कुटल्या शाळंत घालू?" आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला. ही चूक आमच्या चौघांच्या टीमची होती, एकट्या नानांची नव्हे.

कारण शर्यतीत नानांची सायकल माझीही होती. चार दिवसांच्या शर्यतीत चारही दिवसांची वेळ मिळून ज्याची सगळ्यांत कमी, तो जिंकतो. तिसऱ्या दिवसाअखेर मी अकरा सेकंदांनी पुढे होतो. ती आघाडी राखायची म्हणजे बाकी तिघांनी माझ्यापुढे राहून समोरचा वारा आपल्या अंगावर घ्यायचा, आणि माझी सायकल बिघडली तर आपली काढून द्यायची.

शेवटच्या दिवशी पौडहून सुटून, धरणाच्या कडेनं ताम्हिणी गाठून घाट उतरायचा होता. सकाळी नाना जवळ आले. "मी ज्या वळनाला बिरेक दाबीन, त्याच वळनाला तू दाब. शानपना करू नको." मी हसलो.

घाटाच्या तोंडाशी दाट धुकं होतं आणि तिथंच पंक्चर होऊन माझं मागचं चाक बसलं. सुटी चाकं घेऊन येणारी आमच्या टीमची गाडी कुठंतरी मागं अडकलेली. मी थांबायच्या आत नाना खाली उतरले होते. त्यांनी आपली सायकल माझ्या मांडीखाली सरकवली, पाठीला हात लावून ढकललं, आणि मी उताराला लागलो. पन्नास-साठ फूट गेलो असेन, तोच मागून किंकाळी आली.

"अवी! बिरेक! माजं बिरेक उलटं हायेत! थांब!"

मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. पण पुढे अकरा सेकंद निसटत होते.

दुसऱ्याच वळणावर सवयीनं मागचा म्हणून डावा ब्रेक दाबला, तो पुढचा निघाला. मागचं चाक हवेत उचललं गेलं, कठड्याचा दगड गुडघ्याला घासला आणि पलीकडे नुसतं पांढरं दिसलं. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो. देव आठवला नाही, आई आठवली नाही. "डावा पुढचा, डावा पुढचा" असं मोठमोठ्यानं ओरडत खाली आलो. दोन सेकंदांची आघाडी राहिली.

हार झाले, फोटो झाले. आमची गाडी आली, पण नाना त्यात नव्हते. चाक देतो म्हटलं तर घेईनात, गाडीत बसा म्हटलं तर बसेनात, असं ड्रायव्हर म्हणाला. शेवटी, मागे पडलेल्यांना उचलून आणणारी शर्यतीची गाडीही रिकामी आली. "तुमचा माणूस चालत येतोय," तो गाडीवाला म्हणाला. "दर वळणाला थांबून दरीत वाकून बघतोय. म्हटलं, सगळे पोचले. तर म्हणाला, तू मोजलं का?"

नाना आले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. बूट हातात, मोजे फाटलेले, माझी सायकल ढकलत. त्यांनी माझे खांदे चाचपले, मग मनगटं.

"नाना, जिंकलो आपण."

"म्या हाक मारली ती तुला आली व्हती का?"

खोटं बोलता आलं असतं. "आली होती," मी म्हणालो.

नाना रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले.

पुढच्या वर्षी त्यांना शर्यतीला बोलवायला मी नेऱ्याला गेलो. वहिनींनी चहा दिला. नाना ओसरीवर चेन पुसत होते. "राग न्हाई रं तुज्यावर," म्हणाले. "पर तू वळनाआड गेल्याव म्या तिथं हुबा व्हतो ना, त्ये पुन्यांदा माज्यानं व्हनार न्हाई."

मी आग्रह केला नाही. त्यानंतर घाटातल्या एकाही शर्यतीत मी उतरलेलो नाही. कुणी कारण विचारलं, तर गुडघा दुखतो म्हणून सांगतो.