साडूभाऊंची मर्यादित जबाबदारी

करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून मगच सही करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. अकोल्यात त्यांची डाळमिल. कृषी खात्यातून निवृत्त झालेले वानखडे हे त्यांचे एकुलते एक भागीदार. दोघांनी मिळून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी नोंदवली आणि त्या दिवसापासून साडूभाऊ कलमांतच बोलू लागले. जुन्या शहरात एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत राहायला गेले, तेव्हा पत्ता बदलल्याची लेखी सूचना त्यांनी पंधरा दिवसांच्या आत स्वतःच्याच फर्मला दिली आणि तिच्यावर 'मिळाली' असा शिक्काही स्वतःच मारला. वानखडे वैतागले. "काहून हे नाटक? तुमचं कपाट मीच तर उचललं ना बाप्पा!" त्यावर साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी उचललं. पण फर्मले कोण सांगन?" अमरावतीच्या मावसभावाने 'आमच्या नव्या डाळमिलची यंत्रं नुसती पाहून जा' म्हटलं, तर हा आपल्याच धंद्याशी स्पर्धा करणारा धंदा म्हणून त्यांनी आधी वानखड्यांची लेखी संमती घेतली, मगच एसटीत बसले. माझ्या मुलीच्या लग्नात आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि जावयाच्या कानात म्हणाले, "यात जबाबदारी मर्यादित नसते बरं का, जवाईबापू."

मग एका सकाळी वानखडे गेले. चहा पिता पिता, बसल्या जागी.

एलएलपीत निदान दोन भागीदार लागतात. एकट्याने सहा महिन्यांच्या पुढे धंदा चालवला, तर त्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी थेट त्याच्या अंगावर येते. हे साडूभाऊंना पाठ होतं, तरी ते हलेनात. सगळे म्हणत होते, स्वतःच्या मुलाला भागीदार करा. ते नुसतं "पाहू" म्हणायचे. पाचवा महिना संपत आला तेव्हा मी अकोल्याला जाऊन खडसावलं. "वानखड्याच्या जागी कोणाले बसवू?" एवढंच ते बोलले आणि मला घेऊन थेट वानखड्यांच्या घरी गेले.

वानखडे वहिनींना त्यांनी नीट समजावलं. "तुमचा हिस्सा तुमाले भेटनच, कायदाच तसा हाय. पण कारभारात बसाचा हक्क वारसाले नसते. त्याच्यासाठी भागीदार व्हा लागते."

"मंग करा मले भागीदार," वहिनी म्हणाल्या.

"सगळ्या भागीदारांची संमती लागते."

"सगळे म्हंजे कोण? तुमी एकलेच तर उरले ना!"

दुसऱ्या दिवशी मिलच्या ऑफिसात साडूभाऊंनी स्वतःचीच रीतसर सभा बोलावली. अध्यक्ष तेच, सूचकही तेच. इतिवृत्तात लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' मला हसू येत होतं. पण 'उपस्थित' या शब्दापुढे त्यांनी सवयीने दोन नावं लिहिली आहेत आणि एक मागाहून खोडलं आहे, हे दिसलं आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

कागदपत्रांवर सह्या झाल्यावर वहिनींनी विचारलं, "मंग रोज या लागते का मले?"

साडूभाऊंनी करार उघडला. चार पानं उलटली, चष्मा काढला आणि करार मिटला.

"तसं काई लिवलेलं नाई, वैनी," ते म्हणाले. "पण येत जा."